भुलीत काही बोलले का?

बाजारात माझ्या मावशीला सगळे फ्रेमवाली म्हणतात. फोटो, चित्रं, सर्टिफिकिटं, कुणाच्या नातवानं काढलेली रंगीत गिचमिड, जे येईल ते ती काचेमागे बसवून देते. दुकान म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेली एक अरुंद खोली. भिंतीला तऱ्हेतऱ्हेच्या लाकडी पट्ट्या उभ्या केलेल्या, मधे मोठं टेबल, टेबलावर जुनं ब्लँकेट ताणून ठोकलेलं, कारण काच कापताना खाली मऊ लागतं. मावशी पट्टी धरून काचेवर हिरा ओढते तेव्हा किर्र असा बारीक आवाज होतो. मग ती काच टेबलाच्या कडेवर घेऊन हलकेच दाबते आणि काच सरळ रेषेत मोडते. लहानपणी मला ती जादू वाटायची. अजूनही वाटते, पण मी तसं म्हणत नाही. म्हटलं की मावशी म्हणणार, "जादू कसली, उभं राहून राहून पायांचे तुकडे पडतात."

ती बसत नाही हे मात्र खरं. दुकानातली एकुलती एक खुर्ची गिऱ्हाइकासाठी. घरी जेवायला बसली तरी दोन घासांत एकदा उठणार, कधी मीठ आणायला, कधी नुसतंच दार लावलंय का बघायला. काका, म्हणजे तिचा नवरा, म्हणतात, "हिच्या पायाला भिंगरी बांधूनच पाठवलंय."

अशा बाईच्या पित्ताशयात खडे झाले. कितीतरी दिवस ती ॲसिडिटीच्या गोळ्या चघळत उजव्या बरगडीखालची कळ सोसत होती. शेवटी एके दिवशी दुकानातच घाम फुटून खाली बसली, आणि मावशी खाली बसली म्हटल्यावर शेजारपाजारचे धावत आले. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि सांगितलं, पित्ताशय काढावं लागेल, दुर्बिणीतून करू, पोटावर चार बारीक भोकं, बहुतेक दुसऱ्या दिवशी घरी.

"चार?" मावशी म्हणाली. "मी दुसऱ्याच्या भिंतीला एक भोक पाडायचं तर आधी मालकाला विचारते."

"म्हणून तर तुम्हाला विचारतोय," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनला ती घाबरली नव्हती. निदान आम्हाला तसं वाटत होतं. घरात त्याच वेळी दुसरंच काहीतरी चाललं होतं. तिचा मुलगा, माझा दादा, दुसऱ्या शहरात राहतो. काका निवृत्त होऊन घरी बसलेले, दादाकडे नातू नुकता शाळेत जायला लागलेला. ऑपरेशनचं ठरलं तसा दादा फोनवर म्हणाला, "आता बस झालं, आई. दुकान बंद कर आणि दोघं इकडे या." काकांना तेच हवं होतं. मावशी म्हणाली, "बघू." आणि आमच्या घरात बायकांचं 'बघू' सगळे 'हो' असंच ऐकतात. दादानं एक खोली रिकामी करून रंगवायलाही घेतली.

त्यात शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं आगीत तेल ओतलं. त्याचं मागे अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. तो म्हणाला, "बाई, सांभाळून. भूल उतरताना माणूस पोटातलं सगळं ओठांवर आणतो. मी बायकोसमोर बोलून बसलो की तिनं दिलेला डबा मी रोज आमच्या मशीनवाल्याला खाऊ घालतो आणि स्वतः बाहेर जेवतो. त्या दिवसापासून डबा बंद." सगळे हसले. मावशीही हसली. पण त्या संध्याकाळी तिनं एका फ्रेमला बारीक खिळे ठोकताना स्वतःच्या अंगठ्यावर हातोडी मारून घेतली, आणि असं मी कधी पाहिलं नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी ऑफिसातून रजा घेऊन तिच्या घरी पोचले तेव्हा ती अंघोळ करून, केस बांधून दारात उभी होती. रात्रीपासून पोटात काही नव्हतं. ब्लडप्रेशरची गोळी तेवढी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगितली होती, ती घेतली होती. कानातलं, अंगठी, गळ्यातली साखळी आदल्या दिवशीच काढून कपाटात ठेवली होती. काकांनी बॅग भरली होती. एका रात्रीसाठी त्यात दोन पांघरुणं, तीन टॉवेल, सपाता, टॉर्च आणि वाचून झालेली वर्तमानपत्रं होती.

"टॉर्च कशाला?" मी विचारलं.

"दिवे गेले तर?"

"हॉस्पिटलात दिवे जात नाहीत, काका."

"मग त्यांचं काही बिघडत नाही," काका म्हणाले आणि चेन ओढली.

आदल्या रात्री सूनबाई आली होती. दादाला सुट्टी मिळाली नाही म्हणून तीच आली होती, मुलाला आपल्या आईकडे ठेवून. हिशेबाच्या ऑफिसात नोकरी करते, बोलायला शांत, कामाला चटपटीत. ती रिक्षा घेऊन आली, मावशीला हात धरून बसवायला लागली, आणि मावशी म्हणाली, "अगं, मी चालत येते, जवळ तर आहे."

"आई, आज तुम्ही फक्त बसायचं."

मावशी बसली, पण वाटभर तिची बोटं दांडीवर वाजत होती.

हॉस्पिटलात पहिल्यांदा काउंटरवर कागद, मग मनगटाला नावाचा पट्टा, मग वरच्या मजल्यावरचा वॉर्ड. पलंग खिडकीजवळचा मिळाला. एक तरुण सिस्टर आली. तिनं ब्लडप्रेशर घेतलं, ताप बघितला, आणि विचारलं, "पूर्ण नाव काय? जन्मतारीख? कशाचं ऑपरेशन आहे?" मावशीनं सांगितलं. थोड्या वेळानं दुसरी आली, तिनंही तेच विचारलं. मग एक शिकाऊ डॉक्टर आला आणि त्यानंही.

"तुमचं तुम्ही एकमेकांत बोलत नाही का?" मावशी म्हणाली.

सिस्टर हसली. "आजी, दर वेळी विचारावंच लागतं. तुमचंच पित्ताशय काढायचंय, दुसऱ्या कुणाचं नाही."

मावशीला ते पटलं, आणि पटलं तर ती अती करते. त्यानंतर जो कुणी पलंगाजवळ येईल त्याला ती न विचारताच नाव, जन्मतारीख आणि पित्ताशय सांगायला लागली. फरशी पुसणाऱ्या बाईलासुद्धा सांगितलं. ती बाई म्हणाली, "बरं, बरं, पाय वर घ्या."

दुसरी पंचाईत हाकेची. वॉर्डात काम करणाऱ्या बायकांना सगळे मावशी म्हणतात. त्यामुळे कुठूनही हाक आली, "मावशी, इकडे बेडपॅन द्या," की माझी मावशी दचकून "काय गं?" म्हणत उठून बसायची. आम्हाला हसू यायचं, तिला मात्र येत नव्हतं. एकदा तर खरंच उतरून पलीकडच्या म्हातारीला पाण्याचा ग्लास देऊन आली.

मग नखांवरून गोंधळ झाला. सिस्टरनं बोट हातात घेतलं आणि भुवया वर केल्या. "नेलपॉलिश काढून या असं सांगितलं होतं ना?"

"ते नेलपॉलिश नाही," मावशी म्हणाली. "लाकडाचं पॉलिश आहे. मी फ्रेमा करते."

बोटाला जो चिमटा लावतात तो नखातून रक्तातला ऑक्सिजन मोजतो, त्यामुळे नख स्वच्छ हवं. सिस्टरनं कापूस आणि स्पिरिट आणून घासलं, मग सूनबाईनं घासलं, मग मी. शेवटी एक करंगळी तेवढी बरी निघाली. सिस्टर म्हणाली, चालेल. मावशी आपल्या करंगळीकडे परक्या वस्तूकडे बघावं तशी बघत राहिली.

मागून बांधायचा हॉस्पिटलचा झगा घातल्यावर ती एकदम लहान दिसायला लागली. हाताला सुई टोचून सलाईन लावलं तशी आणखी. आता तिला फिरता येईना, तर ती पलंगावरच चादरीची टोकं सारखी करत बसली.

भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या त्या मधल्या वयाच्या, झपाझप बोलणाऱ्या. तोंड उघडा, मान वर करा, दात हलतात का, कवळी आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी, आधी कधी भूल घेतलीय का, शेवटचं खाल्लं कधी. सगळं झाल्यावर त्या निघाल्या, तेव्हा मावशी सूनबाईकडे न बघता म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू? काही लोक म्हणे भूल उतरताना बडबडतात."

"थोडं असंबद्ध बोलतात कधीकधी. का?"

"नाही, आमच्या शेजारच्याचं तसं झालं होतं."

"ऑपरेशन चालू असताना तर घशात नळी असते, बोलताच येत नाही. नंतर जाग येताना माणूस अर्धवट गुंगीत असतो. कुणी पाणी मागतं, कुणी घरी जायचं म्हणतं. तुम्हाला काही आठवणारही नाही."

"मला नाही आठवणार, पण जवळ कोण असेल त्याला?"

डॉक्टर हसल्या. "काय लपवलंय एवढं?"

सूनबाईसुद्धा हसली. काका म्हणाले, "हिच्या पोटात काय राहणार? खडे सोडून." मावशी हसली नाही.

आमचा नंबर लवकरचा होता. पण तेवढ्यात खाली एक ॲम्ब्युलन्स आली, वॉर्डातली धावपळ बदलली, आणि सिस्टर येऊन म्हणाली, अपघाताची केस आलीय, थांबावं लागेल. किती? सांगता येत नाही. थांबायचं म्हणजे उपाशीच थांबायचं. काका चहा प्यायला गेले, तेही चोरट्यासारखे. सूनबाई दादाला फोन करायला जिन्याकडे गेली.

मावशीनं सलाईनचा स्टँड धरला आणि म्हणाली, "चल, जरा पाय मोकळे करू."

वॉर्डाबाहेरच्या लांब पॅसेजमध्ये भिंतीवर एक समुद्राचं चित्र तिरकं लटकत होतं. तिनं लांबूनच ते पाहिलं असणार, कारण ती सरळ तिथेच गेली. मोकळ्या हातानं चित्र सारखं केलं, मागे सरून पाहिलं, पुन्हा एका बाजूनं केसभर उचललं. मग चित्राकडे बघतच म्हणाली, "मला नाही जायचं."

"ऑपरेशनला?"

"वेडी का काय. दादाकडे."

ती बोलत राहिली, भराभर, कुणी येईल म्हणून पॅसेजकडे लक्ष ठेवून. मागच्या वेळी ती दादाकडे राहायला गेली होती आणि मोठी ऑर्डर आलीय असं सांगून लवकर परत आली होती. तशी ऑर्डर नव्हतीच. "तिथे काही वाईट नाही गं. पोर चांगली आहे. माझ्या हातातलं काम काढून घेते, बसा म्हणते. मी बसते. मग खिडकीतून बघते. मग पुन्हा बसते. मला दुपारी रडू यायचं, बाथरूममध्ये जाऊन रडायची. हे मी कुणाला सांगू? एवढं करतात माझ्यासाठी."

"मग नाही म्हणायचं ना."

"कुणाला? तुझ्या काकांना नातवाजवळ राहायचंय. दादानं खोली रंगवली. आणि ही आज रजा काढून माझी नखं घासतेय." तिनं माझं मनगट धरलं. "हे बघ. मला जाग येईल तेव्हा तू जवळ राहा. तिला नको राहू देऊस. मी काहीतरी बोलून बसेन. त्या घरात माझा जीव गुदमरतो असं तिच्या तोंडावर बोलून बसेन."

मी कबूल केलं. काय करणार होते?

दुपारी बोलावणं आलं. वॉर्डातले मामा ट्रॉली घेऊन आले. मावशी म्हणाली, "मी चालत येते की, स्टँड धरून."

"चालत गेलात तर मला बोलणी बसतील," मामा म्हणाले. "या, आडव्या व्हा."

ती आडवी झाली. छतावरचे दिवे एकामागून एक तिच्या चेहऱ्यावरून सरकत होते आणि ती प्रत्येक दिव्याला डोळे मिचकावत होती. थिएटरच्या दारापाशी काकांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "टॉर्च आहे आपल्याकडे." तिला तेव्हा कुठे हसू आलं. आतून हिरव्या टोपीतला एक जण आला, त्यानं नाव, जन्मतारीख, ऑपरेशन विचारलं. तिनं शाळेतल्या पोरीसारखं सांगितलं. दार मिटलं.

आतलं तिनं नंतर सांगितलं ते एवढंच, की खोली बर्फासारखी गार होती, कुणीतरी गरम पांघरूण घातलं, छातीवर चिकटपट्ट्या लावल्या, तोंडावर मास्क धरून दीर्घ श्वास घ्या म्हणाले, आणि ती छतावरच्या गोल दिव्याला केवढी काच लागली असेल याचा अंदाज घेत होती. पुढचं काही नाही.

बाहेर आम्ही तिघं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. काका दाराकडे बघत. मला तर बसवेना. मावशीची भिंगरी माझ्या पायाला लागली होती बहुतेक. सूनबाई फोनवर मला फोटो दाखवायला लागली. रंगवलेली खोली, फिका पिवळा रंग, नवीन पडदे.

"आईंना आवडेल ना?" तिनं विचारलं.

"खोली छान आहे," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"इथे आधी माझं टेबल होतं. घरी आणलेलं ऑफिसचं काम मी तिथे बसून करायचे. आता स्वयंपाकघरात बसेन." तिनं फोटो बोटानं पुढे सरकवला. "ठीक आहे. सवय होईल."

तिच्याकडे बघून मला पहिल्यांदा वाटलं की या पोरीलासुद्धा कुणी काही विचारलेलं नाही.

सर्जन बाहेर आले ते हातात एक छोटी पारदर्शक बाटली घेऊन. सगळं व्यवस्थित झालं, रक्तस्राव नाही, दुर्बिणीतूनच झालं, मोठा छेद घ्यावा लागला नाही. मग बाटली हलवून दाखवली. आत पिवळे-काळपट खडे, काही हरभऱ्याएवढे, काही मोहरीएवढे. "हे एवढे होते."

काकांनी बाटली बघितली, "अरे वा," म्हणाले, आणि त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. मी त्यांना धरलं. डॉक्टरांनीच त्यांना खाली बसवलं, डोकं गुडघ्यात घालायला लावलं. मी पाणी आणायला धावले, मग कुणीतरी म्हणालं साखर द्या, म्हणून कँटीनला धावले. परत आले तर काका सावरून बसले होते आणि शेजारची खुर्ची रिकामी होती.

"ती कुठे गेली?"

"सिस्टर आली होती. शुद्धीवर येतायत, एकानं या म्हणाली. सूनबाई गेली आत."

मी साखरेची पुडी काकांच्या हातात कोंबली आणि दाराकडे धावले. एकालाच सोडतात म्हणून सिस्टरनं मला दारात अडवलं. मी काचेतून बघत राहिले. पडदा अर्धा उघडा होता. मावशी अर्धे डोळे मिटून थंडीनं कुडकुडत होती. तिचे ओठ हलत होते. सूनबाई तिच्यावर वाकली होती, कान अगदी तिच्या तोंडाजवळ नेऊन. मग सूनबाईनं मान हलवली, काहीतरी बोलली, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. तिचा चेहरा मला दिसत होता, पण त्यावरून काही कळत नव्हतं. मी दारातच येरझारा घालत राहिले.

वॉर्डात आणल्यावर मावशी तासन्‌तास झोपल्यासारखी पडली होती. जाग आली की घसा दुखतोय म्हणायची, तो नळीमुळे दुखतो असं सिस्टरनं सांगितलं. मग उजवा खांदा दुखायला लागला. "पोट कापलं आणि खांदा कसा दुखतो?" काकांना काळजी. सिस्टर म्हणाली, दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरतात, त्यानं खांदा दुखतो, होईल कमी. एकदा मळमळलं, त्यावर इंजेक्शन दिलं. संध्याकाळी दोन-दोन घोट पाणी द्यायला सांगितलं. जो तो येऊन विचारायचा, "गॅस सरला का?" मावशी शेवटी म्हणाली, "एवढ्या आपुलकीनं हे मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं."

ती जोक करायला लागली म्हणून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण तिचे डोळे सारखे सूनबाईवर जात होते आणि मग माझ्यावर. मी खांदे उडवले. मला काय माहीत?

अंधार पडायच्या सुमारास सिस्टर म्हणाली, उठवून थोडं चालवा. मावशीला तेच हवं होतं, पण उठताना ती कळवळली. सिस्टरनं कुशीवर वळून, पोटाला उशी दाबून कसं उठायचं ते दाखवलं. एका बाजूनं सूनबाई, दुसऱ्या बाजूनं स्टँड धरून मी. पॅसेजमध्ये मुंगीच्या पावलांनी आम्ही तिघी. काका पलंगापाशी बॅग राखत बसले.

खिडकीपाशी मावशी थांबली. धाप लागली होती. म्हणाली, "भुलीत मी काही बोलले का?"

सूनबाई म्हणाली, "बोललात ना."

मावशीचा हात माझ्या हातावर आवळला.

"काचेचं बोलत होतात. सारखं 'काच घट्ट धर, काच घट्ट धर'. मी म्हटलं धरलीय, तेव्हा गप्प झालात."

"आणि?"

"आणि काही नाही. एकदा पाणी म्हणालात."

मला वाटलं मावशी सुटली. तिलाही तसंच वाटलं असेल, कारण तिनं डोळे मिटून श्वास सोडला. पण मग ती तिथून हलेना. खिडकीच्या चौकटीवर बोटं वाजवायला लागली. तिनं मला नंतर सांगितलं की त्या क्षणी तिला सुटल्यासारखं वाटलंच नाही, फसल्यासारखं वाटलं. दिवसभर ज्याला भ्यायली तेच व्हावं असं मनात कुठेतरी होतं. भुलीत बोलून गेली असती तर दोष भुलीचा. आता तेही गेलं.

"तू जरा इकडे बघ," ती सूनबाईला म्हणाली. "मी आता पूर्ण शुद्धीत आहे ना?"

"हो, आई. का?"

"मग ऐक. मला तुमच्याकडे राहायला यायचं नाही. चार दिवस आले तर येईन. कायमचं नाही. दुकान बंद करायचं नाही मला."

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं.

"तुझं काही चुकलं नाही. तू बसा म्हणतेस ते चांगल्या मनानंच म्हणतेस. पण मला बसता येत नाही गं. तिथे मी दिवसभर पाहुण्यासारखी बसते आणि मला माझीच किळस यायला लागते."

"मग आधी का नाही सांगितलं?" सूनबाईचा आवाज चढला नाही, पण बदलला. "खोली रंगवली आम्ही. मी माझं टेबल काढलं. मुलाला सांगितलं आजी येणार म्हणून. तो रोज विचारतो."

"चुकलं माझं."

"तुम्ही बघू म्हणालात."

"बघू म्हणजे बघूच म्हणाले होते मी."

सूनबाईनं तिचा हात अलगद सोडून खिडकीच्या चौकटीवर ठेवला, ती नीट उभी आहे ना ते पाहिलं आणि मला म्हणाली, "धर यांना." मग जिन्यावरून खाली निघून गेली.

मावशीला मी पलंगावर आणलं. ती रडली नाही. पोट दुखतंय म्हणाली, आणि दुखत असणारच. काका विचारत होते, सूनबाई कुठे गेली, मी म्हटलं, चहाला.

बऱ्याच वेळानं सूनबाई वर आली. डोळे धुतलेले दिसत होते. हातात खरंच चहाचे दोन कप होते, एक तिनं काकांना दिला. दुसरा स्वतः घेऊन पलंगाच्या कडेला बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "ह्यांना मी सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं. तुमचा मुलगा आहे."

"मी सांगते."

"आणि मी चिडलेय. ते जाईल की नाही मला माहीत नाही."

"बरं," मावशी म्हणाली.

"टेबल मात्र मी परत लावणार आहे." हे बोलताना ती कपाकडे बघत होती. मला वाटलं तिच्या खांद्यांवरचंही काहीतरी खाली आलं, पण ती ते कबूल करणार नव्हती, आणि कुणी विचारलंही नाही.

रात्री तीच तिथे राहिली. मी राहते म्हटलं तर म्हणाली, "रजा मी त्याच्यासाठीच काढलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्ट्या बघितल्या, मऊ खायला सांगितलं, काही दिवस जड उचलायचं नाही, ताप आला किंवा पोट फुगलं तर लगेच यायचं, असं बजावलं. घरी जायच्या आधी मावशीनं दादाला फोन लावला. बोलणं मला एकाच बाजूनं ऐकू आलं. "नाही. नाही रे. नाही म्हणतेय ना." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग, "तुझ्या बायकोला आधीच सांगितलं." शेवटी फोन कानापासून लांब धरून ती काकांना म्हणाली, "तुमच्याशी बोलायचंय म्हणतो."

काकांना हे सगळं असं, फोनवरूनच कळलं. ते तिच्यावर घुश्शात होते, आणि त्यांचंही बरोबर होतं. "चाळीस वर्षं मला सांगते चपला कुठे ठेवायच्या, आणि एवढी गोष्ट सांगता आली नाही?" ते म्हणाले. कितीतरी दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. मावशीनं ते ऐकून घेतलं. घरातल्या घरात येरझारा घालायची, आणि जड उचलायची बंदी असल्यानं मी सुट्टीच्या दिवशी दुकानात जाऊन काचा उचलायचे. तीही यायची, मागे उभी राहून सांगायची, "खालून धर. अंगाला लावू नको."

काकांनी शेवटी स्वतःच मार्ग काढला. ते एकटेच दादाकडे जातात, राहतात, नातवाला शाळेत सोडतात, आणि कंटाळा आला की परत येतात. पिवळ्या खोलीत आता एका बाजूला त्यांचा पलंग आणि दुसऱ्या बाजूला सूनबाईचं टेबल आहे. दादा अजून अधूनमधून म्हणतो, दुकान किती दिवस चालवणार, आई. मावशी त्याला स्पष्ट सांगते, बंद करणार नाही.

सूनबाईचा राग गेला की नाही ते मला ठाऊक नाही. आधी ती आणि मावशी फोनवर कशा आहात, बरी आहे, यापलीकडे जात नव्हत्या. आता भांडतात. काकांचं पथ्य कुणी बिघडवलं, त्यांना एवढं गोड कोण खाऊ घालतं, औषधं कुठल्या कप्प्यात ठेवली, यावरून दोघींचे आवाज चढतात, आणि मधेच मावशी फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरून म्हणते, "थांब जरा, गिऱ्हाईक आलंय, ठेवू नकोस."